तीन बाजूंनी सराउंड

इंग्रजीत ‘सराउंड’ नावाचं एक क्रियापद आहे. दिसायला गरीब, स्पेलिंगमध्ये फारसा दगाफटका नाही, आणि पोटातच ‘राउंड’ असल्यामुळे अर्थासाठी कोश उघडायची गरज पडत नाही. राउंड म्हणजे गोल, तेव्हा सराउंड म्हणजे गोल करून उभं राहणं. शेवटच्या बाकावरच्या पोराने हा अर्थ अंदाजाने ठोकावा आणि मास्तरांनी ‘बरोबर, बस’ म्हणावं, इतकं ते उघड आहे. घोळ एवढाच आहे की त्या ‘राउंड’चं आणि गोलाचं जन्माने काही नातं नाही.

हे क्रियापद मूळचं पाण्यातलं. लॅटिनमध्ये ‘उंडा’ म्हणजे लाट आणि ‘सुपर’ म्हणजे वरून. दोन्ही मिळून काठावरून पाणी जाणं, ओसंडणं. रोमनांकडून फ्रेंचांकडे आणि फ्रेंचांकडून इंग्रजांकडे असा शब्द हात बदलत गेला, तरी इंग्लंडात पोचला तेव्हा त्याचा अर्थ पाण्याखाली जाणं हाच होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस तिथल्या पार्लमेंटने दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्याचा कायदा केला. केंब्रिज, लिंकन, नॉरफोक अशा परगण्यांतल्या लाखो एकर जमिनी नेहमी ‘सराउंड’ होतात, सबब त्या सुधाराव्यात, असं त्या कायद्याच्या लांबलचक नावातच लिहिलेलं आहे. त्या जमिनींना कोणा शत्रूने वेढा दिला नव्हता. तिथे पाणी साचत होतं, इतकंच. पुढे इंग्रजांना त्या शब्दात ‘राउंड’ ऐकू यायला लागलं. ऐकू आलं म्हणून तसा अर्थ लावला, लावला म्हणून तसा वापरला, आणि सतराव्या शतकात पाणी ओसरून नुसता वेढा मागे राहिला. ज्यांच्या भाषेपायी आपल्याकडच्या चार पिढ्यांनी हातावर छड्या खाल्ल्या, त्यांनी स्वतः एका शब्दाचा अर्थ असा कानाने ठरवला, हे वाचून मला झालेला आनंद काही फार सात्त्विक नव्हता.

मुंबईकराला मात्र हे दोन्ही अर्थ एकाच पत्त्यावर मिळतात. मुळात सात बेटं, म्हणजे नव्या अर्थाने सराउंड. भरतीच्या वेळी वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून समुद्र आत शिरायचा आणि मधला सखल भाग पाण्याखाली जायचा, म्हणजे जुन्या अर्थानेही सराउंड. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, बांध घालून ते खिंडार बुजवायला घेतलं. तोच हॉर्नबी व्हेलार्ड. यातला ‘व्हेलार्ड’ आला पोर्तुगिजांच्या ‘व्हालादु’वरून, आणि व्हालादु म्हणजे कुंपण. एका सराउंडला अडवायला दुसरं सराउंड! त्या बांधावरून आज मोटारी जातात आणि पाणी आता समुद्राऐवजी आभाळातून येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण एरवीच्या पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या हिंदमाता चौकात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात चपला घेऊन उभा असलेला गृहस्थ एलिझाबेथ राणीच्या काळातलं अस्सल इंग्रजी जगत असतो, हे त्याला कोणी सांगायला हवं.

या लाटेच्या घराण्यात इतरही मंडळी आहेत. ‘अबंडंट’ हा त्यातला श्रीमंत भाऊ. भरपूर, ओसंडून वाहणारा. ‘रिडंडंट’ हा दुसरा, आणि याचं काही बरं चाललेलं नाही. ब्रिटनमध्ये माणसाला कामावरून कमी करायचं झालं की त्याला रिडंडंट ठरवतात. मुळाशी गेलं तर अर्थ असा, की कंपनी काठोकाठ भरली, वरून चार थेंब सांडले आणि त्यातले एक तुम्ही. आपल्याकडे ‘घरी बसवला’ म्हणतात. त्यात कवित्व नाही, पण निदान घर तरी आहे.

असो. शब्दाचा अर्थ असा उडत उडत ठरला असला, तरी एकदा ठरल्यावर मात्र इंग्रजीतले सोवळे लोक त्यावर पहारा द्यायला बसले. त्यांचं म्हणणं असं की सराउंड म्हणजे सगळीकडून. त्यामुळे ‘चारी बाजूंनी सराउंड’ म्हणणं म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ म्हणण्यापैकी. आणि ‘तीन बाजूंनी सराउंड’ हा तर सरळ वदतोव्याघात. तीन बाजूंनी वेढलेला माणूस चौथ्या बाजूने बाहेर जाईल, चहा मारून येईल आणि पुन्हा वेढ्यात येऊन उभा राहील. याला वेढा म्हणायचं कसं?

तर्क बिनतोड आहे, पण त्याने आपल्या भूगोलाची पंचाईत होते. ‘तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास द्वीपकल्प म्हणतात’ ही व्याख्या घोकूनच आपण सगळे वरच्या वर्गात गेलो. नकाशा काढायला सांगितला की पोरं खालचा त्रिकोण काढून निळ्या खडूने रंगवायची आणि हिमालय पुढच्या तासावर टाकायची. ‘द्वीपकल्प’ या शब्दातच ‘कल्प’ आहे, म्हणजे जवळजवळ बेट, बेट व्हायला थोडक्यात राहिलेलं. लॅटिनवाल्यांनीही ‘पेनिन्शुला’ हा शब्द नेमका असाच बनवला: जवळजवळ बेट. म्हणजे दोन्हीकडच्या जाणत्या लोकांनी चौथी बाजू माफ केली होती. सोवळ्यांच्या आणि भूगोलाच्या या भांडणात मी भूगोलाच्या बाजूचा आहे. अनुभव असा, की आयुष्यात पूर्ण वेढा क्वचितच मिळतो. नेहमी तीनच बाजू सापडतात, आणि चौथीचं काम चालू असतं.

घरांच्या जाहिराती पाहा. ‘हिरवाईने वेढलेली स्वप्नवत घरकुलं’, पनवेलच्या पुढे कुठेतरी. रविवारी सहकुटुंब जागा बघायला जावं. सेल्सच्या मुलीने थंड पाणी द्यावं आणि गच्चीवर नेऊन ‘सर, ग्रीनरी बघा’ म्हणावं. पहिल्या बाजूला खरोखर हिरवं असतं. ती शेजारच्या बिल्डरने बांधकामाला लावलेली हिरवी जाळी असते. दुसऱ्या बाजूला नाला, आणि त्यावर शेवाळ. तिसऱ्या बाजूला एका शेतकऱ्याचं भाताचं खाचर, ज्याच्या कडेला ‘ही जागा वादग्रस्त आहे’ अशी पाटी. चौथ्या बाजूला रस्ता. तो डीपीत, म्हणजे विकास आराखड्याच्या कागदावर आहे. इंग्रजी माहितीपत्रकात या सगळ्याला ‘सराउंडेड बाय नेचर’ म्हणतात. एका अर्थी खोटं नाही. पहिल्याच पावसात नाला खाचराला येऊन मिळतो आणि क्रियापद पुन्हा आपल्या मूळ लॅटिन अर्थावर जातं.

आता ‘बाय’चा विषय निघालाच आहे, तर इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाच्या घरी याहून जास्त वाद कशावरून होत नसतील. सराउंडच्या पुढे ‘बाय’ लावायचा की ‘विथ’? ढोबळ हिशेब असा: जे आपसूक भोवती आहे त्याला ‘बाय’, आणि कोणी मुद्दाम आणून भोवती लावलं असेल तर ‘विथ’. याचं इतकं चोख उदाहरण जगात एकदाच घडलं आणि त्याला खर्चही बराच आला. क्रिस्टो आणि जान-क्लोद नावाचं एक कलावंत जोडपं होतं. मे १९८३ मध्ये त्यांनी मायामीजवळच्या बिस्केन उपसागरातल्या अकरा बेटांभोवती पाण्यावर गुलाबी कापड पसरलं. कापड किती, तर ६५ लाख चौरस फूट. दोन आठवडे ती बेटं कमरेला गुलाबी परकर नेसून समुद्रात उभी होती. म्हणजे पाण्याने सराउंडेड ‘बाय’, आणि कापडाने सराउंडेड ‘विथ’. त्या कलाकृतीचं नावच ‘सराउंडेड आयलंड्स’. इतक्या प्रचंड खर्चात व्याकरणाचा एक नियम समजावून सांगणारं दुसरं जोडपं माझ्या माहितीत नाही. आपल्याकडे ‘पाण्याने’ आणि ‘कापडाने’, दोन्हीकडे एकच तृतीया. एका ‘ने’त काम भागतं, कापड वाचतं.

क्रिकेटवाल्यांना हा नियम कापडाशिवायच कळला असता. १९७१ च्या सुमारास आपले फिरकीवाले गोलंदाजीला आले की बॅटच्या आसपास माणसं उभी राहायची, आणि एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला इतका पुढे सरकायचा की पंचाच्या आधी फलंदाजाच्या मनातलं त्याला समजत असावं. डोक्यावर हेल्मेट नाही. २७ कसोटींत ५३ झेल. मुद्दाम आणून उभा केलेला माणूस म्हणून व्याकरणात ‘विथ’. पण बाद होऊन परतणाऱ्या इंग्लिश फलंदाजाला विचारलं असतं तर त्याने ‘बाय’च म्हटलं असतं. त्याच्या लेखी सोलकर ही नैसर्गिक आपत्ती होती.

हा ‘विथ’ अलीकडे भलताच फोफावला आहे. यशाची गुरुकिल्ली विकणारे वक्ते पहिल्या दहा मिनिटांत सांगतात की स्वतःला पॉझिटिव्ह लोकांनी सराउंड करा. सभागृहातले लोक माना डोलावतात, वहीत लिहून घेतात. मला या सल्ल्यातलं नियोजन कळत नाही. माझ्याभोवती जी माणसं आहेत ती मी मागवलेली नाहीत. काही जन्माने आली, काही लग्नाने, आणि उरलेली ८.१७ च्या डोंबिवली लोकलने. त्यातलं कोणाला काढून तिथे हसतमुख माणूस कसा बसवायचा? आतेभावाच्या जागी? तो तर दर दिवाळीला येऊन ‘तुझं वजन वाढलंय आणि कामाचं काही खरं दिसत नाही’ एवढं सांगून, चार करंज्या खाऊन जातो. त्याची बदली कोणाकडे मागायची?

दुसरी अडचण भूमितीची आहे. समजा, सभागृहात तीनशे लोक आहेत आणि तीनशेच्या तीनशे जणांनी सल्ला मनावर घेतला. प्रत्येकाला मध्ये उभं राहायचं आहे आणि भोवती बाकीचे हवे आहेत. वर्तुळाला केंद्रं तीनशे, परीघ शून्य. शिवाय जे खरोखरचे पॉझिटिव्ह लोक, त्यांनीही तोच सल्ला ऐकलेला असणार. त्यांना त्यांच्याहून पॉझिटिव्ह माणसं हवीत. ते तुमच्या-माझ्यासारख्या, सल्ल्याची गरज पडलेल्या माणसाभोवती येऊन का उभे राहतील? त्यामुळे अशा व्याख्यानानंतर चहाच्या टेबलाशी जे दृश्य दिसतं ते तसं का दिसतं, हे समजतं: सगळे वक्त्याच्या भोवती, आणि वक्ता दाराकडे.

एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा, असा सराउंडचा घन करण्याचा प्रकार प्रत्यक्ष जमिनीवर झालेला आहे, आणि तो फार लांब नव्हता. कूचबिहारच्या बाजूला भारत-बांगलादेश सरहद्दीवर १६२ तुकडे असे होते की ते एका देशाचे आणि पडले दुसऱ्या देशात. भारताचे १११ बांगलादेशात, त्यांचे ५१ भारतात. तिकडे त्यांना छीटमहाल म्हणत. राजे आणि फौजदार बुद्धिबळावर गावं लावून खेळले आणि त्यातून हे तुकडे पडले, अशी दंतकथा आहे. नकाशा पाहिल्यावर मात्र ती दंतकथा फारच सौम्य वाटते. या तुकड्यांत दहाला खागराबाडी नावाचं एक शेत होतं. शेत भारताचं. त्याच्या भोवती बांगलादेशचं गाव. त्या गावाभोवती भारताचं गाव. आणि त्याच्या भोवती पुन्हा बांगलादेश. शेत कसणारा शेतकरी बांगलादेशी. म्हणजे हा गडी सकाळी खांद्यावर नांगर टाकून परदेशात जायचा आणि दुपारी भाकरी खायला स्वदेशी परतायचा. तिथे राहणाऱ्यांचे हाल खरे होते. ना इकडची शाळा, ना तिकडचं रेशन. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि जगातला हा एकमेव तिपेडी वेढा उठला. तिथलं व्याकरण कोणी शिकवत असेल तर ‘सराउंड’चा कर्ता कोण आणि कर्म कोण, हे सांगताना त्याचा कस लागला असेल.

तसा या क्रियापदाचा कर्ता नेहमीच संशयास्पद असतो. बेटाला समुद्र सराउंड करतो म्हणतात, पण समुद्राने त्यासाठी केलं काय? तो आपला होता तिथे आहे. इंग्रजाची खोली पाहा. गालिचा भिंतीपर्यंत पोचत नाही, मग कडेला जी उघडी फरशी उरते तिलाही तो ‘सराउंड’ म्हणतो. फरशीने कोणाला वेढलेलं नसतं; गालिचा आखूड पडलेला असतो. काही न करता कर्तेपद मिळवून देणारं हे क्रियापद आहे, आणि म्हणूनच ते निवेदनांत, बातम्यांत, सरकारी अहवालांत फार खपतं. मराठीला हा आळशीपणा चालत नाही. तिला आधी कळलं पाहिजे, वेढलंय कोणी आणि कशासाठी. कार्यकर्ते असतील तर गराडा. पोलीस असतील तर कडं. व्यसन किंवा साप असेल तर विळखा. गुपचूप काही खाणारी पोरं असतील तर कोंडाळं. वारीत घोडा धावणार असेल तर रिंगण. मंत्री गाडीतून उतरले की एकाच वेळी गराडा आणि कडं अशी दोन वर्तुळं तयार होतात. दोन्ही एकमेकांना ढकलतात, आणि मधल्या माणसाची टोपी तिसरीकडे जाते.

लढाईचं इंग्रजीही पाहून घ्यावं. वेढा घालणं म्हणजे त्यांचं ‘सीज’, आणि हा शब्द आला बसण्यावरून. किल्ल्याखाली जाऊन बसायचं. म्हणजे ज्याला आपण ठिय्या म्हणतो ते. जिंजीला मोगल सरदार झुल्फिकारखान १६९० पासून १६९८ पर्यंत राजाराम महाराजांना वेढा घालून होता, आणि महाराज किल्ला पडायच्या आधी निसटून महाराष्ट्रात आले सुद्धा. तो वेढा होता की नुसतं बसणं, यावर इतिहासकार आपापली मतं देतात. इंग्रजी शब्द त्याला मराठीहून जास्त शोभतो, एवढंच मी म्हणेन.

पण इंग्रजीची खरी फजिती झाली १९६७ मध्ये, कलकत्त्याला. पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आलं, सुबोध बॅनर्जी मजूरमंत्री झाले, आणि कारखान्या-कारखान्यांत कामगार मॅनेजरभोवती जमू लागले. मारहाण नको, दगड नको. फक्त जमायचं, आणि त्याला जागचं हलू द्यायचं नाही. पंखा बंद, दिवा बंद, जेवण नाही, आणि मुख्य म्हणजे नैसर्गिक विधींसाठीही परवानगी नाही. पोलिसांनी अशा वेळी मजूरमंत्र्यांना विचारल्याशिवाय मध्ये पडू नये, अशी परिपत्रकंही निघाली. ही बातमी लंडनच्या वर्तमानपत्राला पाठवायची कशी? ‘मॅनेजर इज सराउंडेड’ लिहिलं तर वाचकाला वाटायचं, वाढदिवस असेल. ‘बिसीज्ड’ लिहावं तर तोफा कुठे आहेत? सगळा ऑक्सफर्ड पालथा घातला तरी साहेबाला बाथरूमला जाऊ न देणारं क्रियापद सापडेना. शेवटी त्यांनी ‘घेराव’ जसाच्या तसा उचलला. आज तो त्यांच्या मोठ्या कोशात आहे. नाम म्हणूनही आणि क्रियापद म्हणूनही. क्रियापद झाल्यावर त्याला भूतकाळ आला आणि ‘घेराओड’ असं काहीतरी तयार झालं. लिहिताना तीन स्वर लागोपाठ येतात आणि बीबीसीचा निवेदक तिथे दर वेळी जरा ठेच खातो. आपण ‘कर्नल’च्या स्पेलिंगवर खाल्लेल्या छड्यांची अल्पशी परतफेड झाली म्हणायची.

त्याच वर्षी हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. शिवणयंत्रं आणि पंखे बनवणाऱ्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचा तो खटला. न्यायमूर्तींना आधी घेराव म्हणजे काय हेच ठरवावं लागलं, आणि त्यांनी सांगितलं की एखाद्याला वेढून किंवा जागा बळकावून त्याची नाकेबंदी करणं म्हणजे घेराव. परिपत्रकं रद्द झाली. कायद्याच्या पुस्तकांत शब्द कायमचा जाऊन बसला. तिथून तो कोणी उठवणार नाही.

महाराष्ट्रात घेरावाला वेगळाच रंग आला, तो बायकांमुळे. सत्तरच्या दशकात महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे निघालेल्या बायका मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घेराव घालायच्या तेव्हा हातात थाळी आणि लाटणं असायचं. बंगालमध्ये साहेबाला नुसतं कोंडायचे. इथे साहेबाला कोंडून वर तेलाचा भाव, साखरेचा भाव, घासलेटचा भाव ऐकवायच्या, तोही ठेक्यावर. घरी हेच सगळं रोज एका बाईकडून ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे शेकडो जणी एकदम भेटायच्या, आणि चौथ्या बाजूला टेबलाचा खण. माझ्या मते सराउंड साउंडचा तो महाराष्ट्रातला पहिला यशस्वी प्रयोग.

कारखान्यातला सराउंड साउंड त्याआधीचा आहे. डिस्नीने १९४० मध्ये ‘फँटेशिया’साठी ‘फँटासाउंड’ नावाची व्यवस्था केली, पडद्यावरचं संगीत प्रेक्षकांच्या आजूबाजूने येऊ लागलं. आता ती घराघरांत आली आहे. तिला ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. पाच स्पीकर आपल्या भोवती आणि एक धडधडणारा, त्याला धड आकडाही मिळत नाही, पॉइंट वन. आमच्या इमारतीच्या अनुभवावरून त्याचा उलगडा असा होतो की पाच स्पीकर ज्याने पैसे भरले त्याच्यासाठी, आणि पॉइंट वन खालच्या मजल्यासाठी. वरच्यांकडे युद्धपट लागला की खालच्यांच्या फडताळातली काचेची बरणी आपोआप कडेला सरकते. मी हे ‘आपोआप’ म्हणतो. खालच्या काकू ‘त्या मेल्याने’ म्हणतात. कर्ता कोण, हे मराठीला माहीत असतं ते असं.

ही तक्रार सोसायटीच्या सभेत आली. सभा गच्चीवर, खुर्च्या गोलात. सेक्रेटरींनी इंग्रजीतून इतिवृत्त लिहायला घेतलं आणि सवयीने ‘कीप युवर सराउंडिंग क्लीन’ हे वाक्य आधी घालून टाकलं. त्या ‘सराउंडिंग’ला शेवटी एक ‘स’ लागतो, हे त्यांना एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी दर सभेत सांगितलं आहे आणि दर सभेत त्यांनी ‘नोटेड’ म्हटलं आहे. मग आवाज किती वाजेपर्यंत, यावर चर्चा. ‘आम्ही परिवारासह बघतो, त्यात काय बिघडलं?’ असं वरच्यांनी विचारलं. खालच्या काकू म्हणाल्या, ‘परिवार तुमचा, पण ऐकतोय आमचा!’ संस्कृतचा धातुकोश जवळ असता तर मी त्या दोघांना सांगितलं असतं की ‘परि’ म्हणजे भोवती आणि ‘वृ’ म्हणजे वेढणं. परिवार म्हणजेच वेढणारे लोक. काकूंचं म्हणणं व्युत्पत्तीला धरून होतं. सभेत अखेर आवाजाबद्दल काहीच ठरलं नाही. कंपाउंडची भिंत दोन फूट वाढवायची, एवढा ठराव मात्र एकमताने झाला. भिंत वाढवायची म्हटलं की विरोधक नसतात.

या बाबतीत शेजारच्या सोसायटीचं सगळ्यांना कौतुक. तिचं नाव ‘पॅराडाइज’. भिंत दहा फूट, वर काचा, त्याच्यावर काटेरी तारेची भेंडोळी, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर कॅमेरे. हे नाव कोणी बिल्डरने सहज ठेवलं असेल, पण ठेवलं अचूक. पॅराडाइज हा शब्द जुन्या इराणी भाषेतला, ‘पइरि’ आणि ‘दएझ’ मिळून झालेला. पइरि म्हणजे आपलंच परि, आणि दएझ म्हणजे भिंत. भिंतीने वेढलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. इराणच्या राजांच्या बागा तशा असायच्या. आत झाडं, पाणी, शिकारीची जनावरं, आणि भोवती कोट. ग्रीकांनी शब्द उचलला, ख्रिस्ती धर्मग्रंथांनी तो ग्रीकांकडून घेतला आणि स्वर्गाला लावला. तेव्हा स्वर्ग म्हणजे मूळचं कंपाउंडच, आणि कंपाउंड म्हटलं की गेट आलं, गेट म्हटलं की वॉचमन आला. मागच्या महिन्यात मी तिथे एका ओळखीच्यांना भेटायला गेलो होतो. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. नाव, गाडी नंबर, कोणाकडे, किती वाजता. सगळं लिहून झाल्यावर त्याने इंटरकॉमवर वर विचारलं. वरून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग तो रिसीव्हर हातात धरूनच मला म्हणाला, ‘साहेब, ते म्हणतायत, काम काय आहे?’